फोल्डरमधल्या फाइलींची यादी कागदावर कशी काढायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घरी विंडोज ११चा लॅपटॉप आहे. बाबांनी जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली कीर्तनं, नाट्यपदं, भावगीतं एका मोठ्या फोल्डरमध्ये आहेत. आत गायकांच्या नावांचे सबफोल्डर, त्यांच्या आत फाइली. काहींची नावं देवनागरीत, काहींची इंग्रजी अक्षरांत. बाबांना स्क्रीनवर शोधत बसणं जमत नाही, त्यांना हातात धरता येईल अशी यादी हवी आहे. तुम्हाला 'प्रिंट' कुठे दिसत नाही, आणि कुणीतरी सांगितलेली कमांड चालवली तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली. शिवाय बहिणीकडे मॅक आहे, तिलाही हेच करायचं आहे.

'प्रिंट' शोधण्यात आणखी वेळ घालवू नका. फोल्डरची यादी छापायची सोय विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये (फोल्डर उघडतो त्या खिडकीत) नाहीच. १९९५च्या विंडोज ९५पासून आजपर्यंत ती आलेली नाही. फाइली निवडून राइट क्लिक केल्यावर कधीकधी 'प्रिंट' दिसतं, पण ते फाइलींच्या आतला मजकूर छापण्यासाठी. दहा वर्डच्या फाइली निवडून ते दाबलंत तर यादी मिळणार नाही, दहाही पत्रं प्रिंटरमधून पडायला लागतील.

डॉसवर हात बसलेली माणसं म्हणतील, "आम्ही तर एका ओळीत छापायचो." खरं आहे. 'डीआयआर' (फोल्डरमधल्या फाइलींची यादी दाखवणारी कमांड) लिहायचं, पुढे 'पेक्षा मोठं'चं चिन्ह आणि 'पीआरएन', की डॉट मॅट्रिक्स किरकिरायला लागायचा. तो प्रिंटर एलपीटी पोर्टला जोडलेला असायचा आणि आली ती अक्षरं तशीच कागदावर उठवायचा. आजचा यूएसबीचा किंवा वायफायवरचा घरगुती प्रिंटर त्या पोर्टवर नसतो, आणि बहुतेकांना कच्चा मजकूर समजत नाही. ड्रायव्हरने (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) पान तयार करून द्यावं लागतं. म्हणून ती ओळ आज चालवली तर बहुधा काहीच होत नाही.

तेव्हा काम दोन टप्प्यांत करायचं. यादी आधी मजकूर म्हणून फोल्डरबाहेर काढायची आणि मग तो मजकूर हवा तसा छापायचा. बाहेर काढायच्या वाटा बऱ्याच आहेत. तुमच्यासाठी त्यातली एक्सेलची सगळ्यांत योग्य, पण घाई असेल तेव्हा उपयोगी पडणाऱ्या दोन आधी सांगतो.

पहिली वाट ब्राउझरची. फोल्डर उघडा, वरच्या पत्त्याच्या पट्टीवर क्लिक करून पत्ता कॉपी करा आणि क्रोम किंवा एजच्या पत्त्याच्या पट्टीत पेस्ट करून एंटर दाबा. पांढऱ्या पानावर नाव, आकार आणि बदलल्याची तारीख अशी यादी उघडते. रकान्याच्या मथळ्यावर क्लिक केलं की त्याप्रमाणे क्रम लागतो. आता कंट्रोल-पी. मराठी नावं अगदी नीट छापली जातात, काहीही बसवावं लागत नाही. उणीव एकच: एका वेळी एकच फोल्डर. सबफोल्डरचं फक्त नाव येतं, त्याच्या आतलं काही नाही. एका गायकाचं एक पान काढायचं असेल तर मात्र मी दुसरं काही वापरणार नाही.

(स्क्रीनचा फोटो काढून तो छापावा असंही कुणी सुचवेल. पाच-दहा फाइलींना ठीक. पण विंडोज डार्क मोडमध्ये असेल तर ते काळंकुट्ट पान काळ्या काडतुसाची बरीच शाई पिऊन जातं.)

दुसरी वाट 'कॉपी ॲज पाथ'ची. विंडोज ११मध्ये ती राइट क्लिकच्या मेनूतच दिसते. विंडोज १०मध्ये शिफ्ट दाबून राइट क्लिक करावं लागतं. फाइली निवडा, ते दाबा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. प्रत्येक ओळीवर एका फाइलीचा पूर्ण पत्ता, अवतरणचिन्हांत. पुढचा नकोसा भाग कंट्रोल-एचने एकदाच काढून टाकायचा: शोधायच्या जागी तो पत्ता, बदलायच्या जागी काहीच नाही, 'रिप्लेस ऑल'.

सबफोल्डरसुद्धा हवे असतील तर मोठ्या फोल्डरमध्ये उभं राहून उजवीकडच्या शोधाच्या चौकटीत तारा, टिंब आणि 'एमपी३' हे इंग्रजी अक्षरांत टाइप करा. सगळ्या सबफोल्डरांतल्या त्या प्रकारच्या फाइली एकाच सपाट यादीत येतात. शोध पूर्ण होऊ द्या, पहिल्या फाइलीवर क्लिक करा, कंट्रोल-ए दाबा आणि मग पाथ कॉपी करा. पहिलीवर क्लिक करायला सांगतोय ते उगाच नाही. ते केलं नाही तर यादी कधीकधी मधूनच सुरू होते आणि सुरुवातीच्या फाइली तळाशी जातात.

या वाटेचा आणखी एक फायदा म्हणजे एक्सप्लोररमध्ये दिसतो तोच क्रम यादीत उतरतो. एक्सप्लोररला १, २, १० हा क्रम कळतो. डीआयआर किंवा एक्सेल मात्र नावाकडे निव्वळ अक्षरांची माळ म्हणून बघतात आणि १, १०, ११, २ असं लावतात. कीर्तनाचे भाग ओळीने हवेत तर फाइलींना सुरुवातीपासूनच ०१, ०२ असे दोन आकडी क्रमांक द्यावेत, म्हणजे कुठेही घोळ होत नाही.

आता तुमच्या प्रश्नचिन्हांचं. पहिल्यांदा धीर देतो: फाइलींची नावं बिघडलेली नाहीत, बिघडली आहे ती फक्त बाहेर पडलेली यादी. कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची विंडोजची काळी खिडकी) मजकूर फाइलीत ओततो तेव्हा तो एक 'कोड पेज', म्हणजे चिन्हांचा ठरलेला तक्ता, वापरतो, आणि बहुतेक संगणकांवर ते डॉसच्या काळातलं, जास्तीत जास्त २५६ चिन्हांचं असतं. त्यात देवनागरीला जागाच नाही. जे अक्षर सापडत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह बसतं, आणि एकदा बसलं की त्या यादीतून मूळ नाव परत मिळत नाही. फॉन्ट बदलून काही होत नाही. यादी नव्यानेच काढायची.

कमांडनेच काढायची असेल तर अशी काढा. (कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना अक्षरं आणि आकडे दोन्ही इंग्रजी.) फोल्डर उघडून पत्त्याच्या पट्टीत 'सीएमडी' लिहून एंटर दाबा. काळी खिडकी त्याच फोल्डरमध्ये उघडते. आधी 'सीएचसीपी ६५००१' अशी ओळ द्या; यामुळे कोड पेज यूटीएफ-८ होतं, ज्यात देवनागरी आहे. मग 'डीआयआर /एस /बी /ए-डी', पुढे 'पेक्षा मोठं'चं चिन्ह आणि यादीच्या फाइलीचा पत्ता. 'एस' म्हणजे सबफोल्डरसकट, 'बी' म्हणजे आकार-तारीख वगळून नुसती नावं ('एस' सोबत असल्याने पूर्ण पत्त्यासकट), आणि 'ए-डी' म्हणजे फोल्डर वगळून फक्त फाइली. काळ्या खिडकीत मराठी अक्षरं तुटकी किंवा चौकोनी दिसली तरी तिकडे लक्ष देऊ नका, फाइलीत ती बरोबर उतरलेली असतात. यादीची फाइल डेस्कटॉपवर किंवा दुसरीकडे ठेवा. त्याच फोल्डरमध्ये ठेवलीत तर ती स्वतःचंही नाव यादीत घालते.

इथे बरेच जण अडखळतात ते दुसऱ्याच कारणाने. विंडोज ११मध्ये राइट क्लिक करून 'ओपन इन टर्मिनल' दाबलं की सहसा पॉवरशेल उघडतं, म्हणजे कमांड द्यायची दुसरी खिडकी. तिथेही डीआयआर चालतं, पण ते वेगळ्याच कमांडचं टोपणनाव आहे. त्याला '/बी' कळत नाही, तो ते एखाद्या फोल्डरचं नाव समजतो आणि लाल अक्षरांत चूक दाखवतो. म्हणून पत्त्याच्या पट्टीतून 'सीएमडी' म्हणायला सांगितलं.

राइट क्लिकच्या मेनूत 'प्रिंट डिरेक्टरी' बसवायची जुनी युक्तीही तुम्हाला वाचायला मिळेल. विंडोज एक्सपी ते ७च्या काळात खुद्द मायक्रोसॉफ्टच्या मदत-लेखात ती दिलेली होती: एक छोटी बॅच फाइल (कमांड लिहून ठेवलेली फाइल), थोडे रजिस्ट्रीतले (विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या साठ्यातले) बदल. आत ती डीआयआरचा मजकूर फाइलीत ओतून नोटपॅडकडून छापून घेते, त्यामुळे प्रश्नचिन्हांचा रोग जसाच्या तसा. घरच्या संगणकाच्या रजिस्ट्रीत एवढ्यासाठी हात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता एक्सेल. २०१६ किंवा त्यानंतरचं असेल तर त्यातच फोल्डर वाचायची सोय आहे आणि ती घरात फारशी कुणाला माहीत नसते. कोऱ्या पानावर 'डेटा' टॅबमध्ये जा, 'गेट डेटा', मग 'फ्रॉम फाइल', मग 'फ्रॉम फोल्डर'. (२०१६मध्ये 'गेट डेटा'च्या जागी 'न्यू क्वेरी' असं दिसेल.) बाबांचा मोठा फोल्डर निवडा. एक नमुना-खिडकी उघडते. तिथे 'कंबाइन'ला हात लावू नका. ते फाइलींच्या आतला मजकूर एकत्र करायला जातं, आणि गाण्यांच्या बाबतीत ते निरर्थक आहे. 'ट्रान्सफॉर्म डेटा' दाबा.

समोर जो तक्ता येतो त्यात फाइलीचं नाव, एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारा फाइलीचा प्रकार), तीन तारखा, आणि अगदी शेवटी फोल्डरचा पूर्ण पत्ता असे रकाने असतात. सबफोल्डरांतलं सगळं त्यात आपोआप आलेलं असतं, मराठी नावांसकट. आता छाटणी. एक्स्टेन्शनच्या रकान्याचा बाण उघडून फक्त गाण्यांच्या प्रकारांवर खूण ठेवा, कारण या यादीत लपलेल्या फाइलीही येतात: डेस्कटॉप डॉट आयएनआय, अल्बमच्या मुखपृष्ठांची बारकी चित्रं वगैरे. त्या बाणाच्या यादीत 'एमपी३' लहान अक्षरांत एकदा आणि मोठ्या अक्षरांत एकदा असं दोनदा दिसलं तर दोन्हींवर खूण करा. हा भाग लहान-मोठी अक्षरं वेगळी मानतो, आणि एक खूण राहिली तर अर्ध्या कॅसेटी यादीतून गायब होतात. मग नाव आणि फोल्डरचा पत्ता हे दोन रकाने ठेवून बाकीचे काढून टाका. पत्त्याच्या रकान्यात 'रिप्लेस व्हॅल्यूज' वापरून मोठ्या फोल्डरपर्यंतचा भाग रिकामा केलात की मागे उरतं ते गायकाचं नाव. तसंच नावाच्या रकान्यातून शेवटचं टिंब-एमपी३ काढा. बाबांना त्याचं काय काम? शेवटी 'क्लोज अँड लोड'.

हे सगळं एकदाच करायचं. फोल्डरमध्ये नवीन कॅसेट उतरली की तीच एक्सेल फाइल उघडून 'डेटा'मध्ये 'रिफ्रेश ऑल' दाबायचं. छाटणीसकट यादी ताजी होते. म्हणून ही वाट मला बाकीच्यांपेक्षा बरी वाटते.

एक्सेल विकत घेतलेलं नसेल तर लिबरऑफिस फुकट आहे. त्याच्या कॅल्कमध्ये वर सांगितलेली यूटीएफ-८ यादी उघडताना तो अक्षरसंच विचारतो, तिथे 'युनिकोड यूटीएफ-८' निवडा. एक्सेल मात्र अशी फाइल दोनदा क्लिक करून उघडली की काही विचारत नाही, आणि मराठीच्या जागी डोक्यावर टोपी-टिंबं घातलेली युरोपी अक्षरं दाखवतो. प्रश्नचिन्हांसारखा हा बिघाड कायमचा नाही. फाइल बंद करा, साठवू नका, आणि 'डेटा'मधल्या 'फ्रॉम टेक्स्ट'ने उघडून अक्षरसंच ६५००१ निवडा.

फाइलींची नावंच 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' अशी असतील तर यापैकी कुठलीही वाट उपयोगाची नाही. सीडीवरून उतरवलेल्या गाण्यांत हे हमखास होतं: खरं नाव, गायक वगैरे माहिती असलीच तर फाइलीच्या आत टॅगमध्ये असते. ती वाचायला एमपी३टॅग नावाचं प्रोग्राम आहे, विंडोजवर मोफत. फोल्डर त्यात उघडून 'एक्सपोर्ट' केलं की टॅगमधल्या नावांची यादी एचटीएमएल (ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या) किंवा सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या) स्वरूपात मिळते. टॅगमधून फाइलींची नावं बदलून घ्यायची सोयही त्यात आहे. माझ्या मते आधी तेच करावं.

फोटोंच्या फोल्डरची गोष्ट वेगळी, कारण नुसत्या नावांवरून फोटो कळत नाही. फोटो निवडून राइट क्लिक, 'प्रिंट', आणि उजवीकडच्या मांडण्यांमध्ये खाली 'कॉन्टॅक्ट शीट'. एका पानावर ३५ छोटे फोटो, खाली नाव.

बहिणीच्या मॅकवर फाइंडरमध्ये सगळं निवडून कमांड-सी दाबायचं, टेक्स्टएडिट उघडून 'फॉरमॅट'मधून 'मेक प्लेन टेक्स्ट' करायचं आणि पेस्ट करायचं. नुसती नावं येतात. प्लेन टेक्स्ट केलं नाही तर नावांऐवजी फाइलीच त्या कागदात चिकटतात. जुन्या मॅकवर, मॅक ओएस ९पर्यंत, फाइंडरमध्ये 'प्रिंट विंडो' होतं. ओएस टेनमध्ये ते गेलं. सबफोल्डरसाठी टर्मिनल आहे: 'एलएस', मग वजा चिन्ह आणि मोठा 'आर', मग एक जागा सोडून फोल्डर त्या खिडकीत ओढून टाकायचा. मॅकवर देवनागरीची अडचण येत नाही.

राहिलं छापणं. बाबांसाठी छापताय हे लक्षात ठेवून अक्षर मोठं घ्या, १४ पॉइंट निर्मला यूआय किंवा मंगल. या मापात ए४ पानावर साधारण ३५ ओळी बसतात, म्हणजे ७०० गाण्यांना २० पानं. कागद वाचवायला अक्षर ८ पॉइंटवर आणलंत तर पानं कमी होतील, पण मग ती यादी भिंग घेऊन वाचावी लागेल. एक्सेलमध्ये 'पेज लेआउट'मध्ये रुंदी एक पान ठेवा आणि उंची 'ऑटोमॅटिक'. तिथेच 'प्रिंट टायटल्स'मध्ये मथळ्याची ओळ प्रत्येक पानावर येईल असं सांगा. हेडरमध्ये तारीख टाका, कारण घरात दोन याद्या झाल्या की नवी कोणती यावरून वाद होतो. कागदाचं माप 'लेटर' असेल तर 'ए४' करा. बऱ्याच घरी ते लेटरवरच राहिलेलं असतं आणि तळाची ओळ कापली का जाते याचा शोध मग प्रिंटरमध्ये घेतला जातो. सगळं छापण्याआधी पहिली दोनच पानं काढून बाबांच्या हातात द्या.

क्रमाबद्दल एक अडचण येणारच. रोमनमधली नावं एका टोकाला जातात आणि देवनागरीतली दुसऱ्या. एकाच पदाची दोन ध्वनिमुद्रणं, एक रोमनमध्ये आणि एक मराठीत लिहिलेली, यादीत दहा पानांच्या अंतरावर पडतात. याला संगणकाकडे इलाज नाही. गायकांच्या फोल्डरांची नावं तरी सगळी मराठीत करून घ्या आणि यादी आधी गायकाप्रमाणे, मग नावाप्रमाणे लावा. तेवढ्याने बराचसा गोंधळ मिटतो.

पुढे बाबांना "दोनशे चौदा नंबर लाव" असं सांगता यावं म्हणून तुम्हाला क्रमांक घालावासा वाटेल. कल्पना चांगली आहे, पण तो क्रमांक एक्सेलमध्ये घालू नका. रिफ्रेश केल्यावर नवी गाणी मध्ये घुसतात आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात, मग छापलेला कागद आणि संगणक यांचा मेळ राहत नाही. तक्त्याच्या शेजारी हाताने लिहिलेल्या टिपांचंही तसंच, त्या आपल्या जागी राहतात आणि गाणी खाली सरकतात. क्रमांक फाइलीच्या नावातच, अगदी सुरुवातीला, तीन आकडी घाला: ००१, ००२. शेकड्यांनी नावं बदलायला मायक्रोसॉफ्टच्याच मोफत पॉवरटॉइज संचातलं पॉवररिनेम वापरता येईल. त्याआधी अख्ख्या फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा, आणि बाबांनी एखाद्या प्लेअरमध्ये प्लेलिस्ट केल्या असतील तर त्या नावं बदलल्यावर चालणार नाहीत हे त्यांना आधी सांगा. पुढे नवीन कॅसेट उतरली की तिला शेवटच्या क्रमांकापुढचा क्रमांक द्यायचा, मग ती कुठल्याही गायकाची असो. जुन्या पानांना हात न लावता तेवढ्या नव्या ओळींचं एक पान छापायचं आणि कागदांच्या फाइलीत मागे लावायचं.